रात्रीचं जेवण : भात-पोळी कमी, तरी जेवल्यासारखं वाटेल असं काय करता?

हिरवा_ठेचा, दादर

नमस्कार मंडळी. घरात कुणाची तरी साखर वाढलीय किंवा वाढायच्या बेतात आहे, आणि रात्रीच्या जेवणातली भात-पोळी कमी करा म्हणून डॉक्टरांनी बजावलंय, अशा सगळ्यांसाठी हा धागा काढतेय. आमच्याकडे यांच्यासाठी सध्या हेच चालू आहे, गोळी सुरू नाही.

नेटवर शोधायला गेलं की बदामाच्या पिठाची पोळी, झुकिनीच्या शेवया, चीजचा पिझ्झा असलंच समोर येतं. बदामाचं पीठ रोज वापरायचं तर महिन्याचं गणित कोलमडेल, आणि झुकिनीला आमच्या घरात कुणी विचारत नाही. राहिलं सूप-सॅलड. साडेआठला लोकलच्या गर्दीतून घामाघूम होऊन आलेल्या माणसापुढे गार काकडी-टोमॅटोची वाटी सरकवणं माझ्या जिवावर येतं. त्याला वाफाळतं, फोडणीचं, हाताने कालवून खाता येईल असं काहीतरी हवं असतं, आणि ते मिळायलाच हवं.

माझं ठाम मत सांगते. आपल्या जेवणातलं सुख वाटणात, फोडणीत आणि रश्श्यात असतं. कालवण, भरीत, पिठलं, कढी, अळूचं फतफतं, भुर्जी, पांढरा रस्सा हे सगळं आपण तोंडीलावणं म्हणून ताटाच्या कडेला वाढत आलो. तेच मधोमध घ्यायचं आणि पोट भरेल इतकं करायचं. बहुतेक घरांत बिनसतं ते इथेच. चार पोळ्यांची एक होते, भाजी मात्र तेवढीच, दोन डाव. मग अकरा वाजता चिवड्याचा डबा उघडतो आणि 'हे आपल्याला जमणारं नाही' असं ठरवून सगळं सोडून दिलं जातं. पोळी कमी झाली की भाजी दुप्पट-तिप्पट व्हायला हवी आणि तिच्यात अंडं, मासा, पनीर, दाणे असं काहीतरी भरीव पडायला हवं.

हे उगाच खूळ नाही. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब या मधुमेहाच्या देशव्यापी पाहणीनुसार भारतीयांच्या रोजच्या ऊर्जेतली ६२ टक्के कर्बोदकांतून येते. राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत धान्यांचा वाटा ४५ टक्क्यांपर्यंतच ठेवायला सांगितलाय. आपण कुठे आहोत ते आपलं ताट बघितलं तरी कळतं.

सुरुवात माझ्या फ्लॉवरच्या मसालेभाताने करते. तीन-चार माणसांना किलोभराचा एक गड्डा. तुरे मोकळे करून मिठाच्या गरम पाण्यात पाच मिनिटं ठेवायचे (पावसाळ्यात तर नक्कीच, अळ्या निघतात), मग पंच्यावर पसरून पूर्ण कोरडे करायचे. हे काम मी आदल्या रात्री उरकून ठेवते. ओला फ्लॉवर मिक्सरमध्ये गेला की त्याचा लगदा होतो आणि मग कितीही परता, भात काही होत नाही. मिक्सर थांबत थांबत फिरवायचा, तांदळाच्या कणीइतकं बारीक झालं की पुरे.

कढईत सढळ तेल, मोहरी, हिंग, हळद, कढीपत्ता, दोन लवंगा, दालचिनीचा तुकडा. त्यात उभी चिरलेली तोंडली घालून कडा तपकिरी होईपर्यंत परतायची. मग काजू, पनीरचे तुकडे, दोन चमचे गोडा मसाला, तिखट. मसाल्याचा वास सुटला की फ्लॉवर घालायचा आणि मोठ्या आचेवर चार-पाच मिनिटं हलवत राहायचं. झाकण ठेवायचं नाही, पाण्याचा थेंबही नाही, आणि मीठ सगळ्यात शेवटी, कारण मीठ पडलं की पाणी सुटतं. वरून ओलं खोबरं, कोथिंबीर, साजूक तूप आणि लिंबू. सोबत मठ्ठा. मसालेभाताचा जो घमघमाट असतो तो गोडा मसाला, तोंडली आणि तुपाचा, त्यामुळे खाताना चुकल्यासारखं वाटत नाही.

हिशेब हवा असेल तर २०० ग्रॅम फ्लॉवरमध्ये साधारण १० ग्रॅम कार्ब्ज (कर्बोदकं), तेवढ्याच शिजलेल्या भातात ५५ च्या वर.

तुमच्याकडे काय करता ते लिहा. अटी दोनच: साहित्य मंडईत नाहीतर कोपऱ्यावरच्या वाण्याकडे मिळालं पाहिजे, आणि घरी आल्यावर पाऊण तासात पानं घेता आली पाहिजेत.

मधली_सुट्टी, बोरिवली

तोंपासु (तोंडाला पाणी सुटलं)! तोंडलीची कल्पना फार आवडली. वाचनखूण साठवली आहे.

खारा_वारा, वरळी

छान धागा, ताई. आमच्याकडे मासळी असेल त्या दिवशी भात हमखास जास्त जातो, कारण कालवण भातावरच ओतायचं असतं. म्हणून मी रात्री कालवण दाट ठेवते, तुकड्या वाढवते आणि खोलगट वाटीत चमचा घालून देते.

ओल्या बोंबलाचं कालवण सगळ्यात झटपट. बोंबील साफ करून तीन-तीन तुकडे करायचे, हळद-मीठ लावायचं. पातेल्यात तेल तापलं की दहा-बारा लसूणपाकळ्या सालीसकट ठेचून घालायच्या. लसूण लाल झाली की कोळी मसाला, लगेच हिरव्या मिरची-कोथिंबिरीचं वाटण आणि चिंचेचा कोळ. या रसाला उकळी आली की बोंबील सोडायचे. पाणी वाढवायचं नाही, बोंबलाच्या अंगातच इतकं पाणी असतं की रस आपोआप होतो. आणि एकदा मासा पडला की डाव घालायचा नाही. फडक्याने पातेलं दोन्ही बाजूंनी धरून गोल हिंदकळवायचं. काचेसारखं दिसणारं मांस दुधासारखं पांढरं झालं की गॅस बंद. पाच-सहा मिनिटांचं काम. डाव घातला तर पातेल्यात नुसते काटे सापडतील.

तळायचे असतील तर रवा-तांदळाचं पीठ वगळता येतं. बोंबील उभे चिरून दोन ताटांमध्ये ठेवायचे आणि वर पाट्यासारखं वजन ठेवून अर्धा तास पाणी काढायचं. मग नुसता मसाला लावून तव्यावर. कुरकुरीतपणा थोडा कमी येतो, चव पूर्ण येते. बांगड्याला तर पिठाची गरजच नाही, त्याचं तिखलं करा. बांगडा तेलकट मासा, दोन तुकड्यांत पोट भरतं.

जूनपासून बोटी बंद असतात तेव्हा सुकी मासळी. जवळा कोरडा भाजून, चाळून, भरपूर कांदा आणि कैरी किंवा टोमॅटो घालून परतला की वाटीभर सहज संपतो. खारवलेली मासळी असेल तर रक्तदाब असणाऱ्यांनी नीट धुऊन घ्या आणि बेताने खा.

चाफेकळी, विलेपार्ले

मासे खाणाऱ्यांचं बरं आहे! आम्ही शाकाहारी, अंडंसुद्धा नाही. आमच्याकडे भरीव म्हणजे वरण, उसळ, पिठलं. हे लो-कार्बमध्ये बसतं का? एके ठिकाणी वाचलं की डाळी म्हणजे प्रोटीन, पाहिजे तेवढ्या खा. दुसरीकडे वाचलं की डाळ अजिबात नको. कुणीतरी नीट सांगाल का?

वाटी_चमचा, मुलुंड

मी आहारतज्ज्ञ म्हणून काम करते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

डाळ मोजायचीच. तीस ग्रॅम कोरड्या डाळीचं एक वाटी घट्ट वरण धरलं तर साधारण १८ ग्रॅम कार्ब्ज आणि ७ ग्रॅम प्रथिनं. म्हणजे डाळ वाईट नाही, पण 'पाहिजे तेवढी' हेही खरं नाही. मी लोकांना सांगते की रात्री वरण किंवा उसळ घेतलीत तर तीच तुमची पोळी समजा. पिठल्याचंही तसंच. एका माणसाला चार सपाट चमचे बेसन लागतं, त्यात साधारण एका मध्यम पोळीइतके कार्ब्ज येतात. पिठलं वाटीत घेऊन लोण्याच्या गोळ्याबरोबर आणि कांद्याबरोबर खाल्लं तर जेवण आटोक्यात राहतं. त्याच पिठल्याबरोबर दोन भाकरी खाल्ल्या तर सगळा हिशेब चौपट-पाचपट.

शाकाहारी लोकांचा खरा आधार पनीर, घट्ट दही, दाणे, तीळ, सोयाबीनच्या वड्या, टोफू. शंभर ग्रॅम पनीरमध्ये १८ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं मिळतात. शंभर ग्रॅम दाण्यांत २५ ग्रॅम, पण दाण्यात तेलही भरपूर, तेव्हा मूठभर पुरे.

आता महत्त्वाचं, आणि हे कृपा करून कुणी वगळून वाचू नका. घरातलं माणूस इन्शुलिन घेत असेल किंवा ग्लिमेपिराइडसारखी साखर उतरवणारी गोळी चालू असेल, तर भात-पोळी एकदम कमी केल्यावर साखर धोकादायक खाली जाऊ शकते. डोस बदलावा लागतो आणि तो डॉक्टरच बदलतात. डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गटातली गोळी असेल तर कार्ब्ज अगदी तोडून टाकल्याने रक्तात किटोन (चरबी जळताना तयार होणारे आम्लधर्मी पदार्थ) साचण्याचा धोका असतो, आणि त्यात साखर फारशी वाढलेली न दिसताही माणूस गंभीर आजारी पडू शकतो. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर प्रथिनं मनाने वाढवायची नाहीत. गरोदर बाई आणि वाढत्या वयाची मुलं यांना या फंदात पाडू नका.

हिरवा_ठेचा, तुमच्या घरी गोळी सुरू नाही आणि फक्त रात्रीचं जेवण हलकं करताय, त्यामुळे तुमचं चाललंय ते योग्य दिशेने आहे.

तुकडा_भाकरी, लालबाग

सगळं पटलं, एक सोडून. गव्हाची पोळी आणि पांढरा भात सोडा, मान्य. पण ज्वारी-नाचणीची भाकरी का सोडायची? आमचे आजोबा गिरणीत होते, तीन-तीन भाकऱ्या खायचे, त्यांना साखर माहीत नव्हती. डॉक्टरसुद्धा 'भाकरी खा' म्हणतात. भाकरी हे आपलं मूळ अन्न आहे, तिला ताटातून काढणं मला तरी पटत नाही.

वाटी_चमचा, मुलुंड

तुकडा_भाकरी, तुमची कळकळ समजते. भाकरी चांगलीच आहे. तंतुमय पदार्थ आहेत, पोट भरतं, नाचणीत कॅल्शियम आहे, तेल लागत नाही. पण शंभर ग्रॅम ज्वारीच्या पिठात कार्ब्ज ७० च्या आसपास, गव्हाच्या पिठातही जवळपास तेवढेच. साठ ग्रॅम पिठाची एक जाड भाकरी म्हणजे चाळीसेक ग्रॅम, म्हणजे दोन फुलक्यांइतकी.

वर इंडियाबचा उल्लेख आलाय, त्याच पाहणीत असंही दिसलं की पांढऱ्या तांदळाऐवजी किंवा मैद्याऐवजी गहू-भरड धान्य घेतलं, पण एकूण कर्बोदकं तेवढीच ठेवली, तर मधुमेहाचा धोका कमी झालेला आढळला नाही. कर्बोदकांचा काही वाटा डाळी आणि दूधदुभत्यातल्या प्रथिनांकडे वळवला तेव्हा मात्र धोका कमी दिसला. म्हणजे पोळीच्या जागी भाकरी ठेवून प्रश्न सुटत नाही, एकूण वाटा उतरायला हवा.

आजोबांचं म्हणाल तर गिरणीत आठ तास उभं राहून मागावर काम करणारा माणूस आणि आज दिवसभर खुर्चीत बसून, लोकलमध्ये उभं राहून घरी येणारा माणूस, दोघांच्या शरीराचा खर्च वेगळा. त्यांना तीन भाकऱ्या लागायच्या आणि त्या जिरायच्या.

तुकडा_भाकरी, लालबाग

हे भरड धान्याचं मला ठाऊक नव्हतं. मग रात्री अर्धी भाकरी आणि झुणका न करता भरली वांगी, असं चालेल ना? पूर्ण बंद मला जमणार नाही, आईलाही नाही.

वाटी_चमचा, मुलुंड

अगदी चालेल. अर्धी भाकरी, दोन-तीन भरली वांगी आणि मोठी वाटीभर दही. भरल्या वांग्यात गूळ टाकता तो मात्र चिमटीभरच.

हिरवा_ठेचा, दादर

अर्धी भाकरी ठेवणं हाच बऱ्याच जणांसाठी टिकणारा मार्ग आहे, मला तो मनापासून पटतो. शून्यावर नेण्याची कुणाला सक्ती नाही.

गुळावरून आठवलं. आपल्याकडे अनेक घरांत प्रत्येक भाजी-आमटीत गूळ-साखर पडतेच, आणि ती कुणी मोजत नाही. मी गोडवा कांद्यातून काढते. कांदा मंद आचेवर चांगला वीस मिनिटं परतला की इतका गोड लागतो की आमटीला गूळ मागावासा वाटत नाही. रश्श्याला दाटपणा यावा म्हणून बटाटा किंवा कॉर्नफ्लोअर घालायची सवय असेल तर तिथे भाजलेल्या सुक्या खोबऱ्याचं किंवा तिळाचं वाटण घाला.

चाफेकळी, विलेपार्ले

वाटी_चमचा, खूप आभार. आता गोंधळ संपला. मग माझ्याकडचे दोन पदार्थ.

एक, वांग्याचं भरीत, पण जेवण म्हणून. प्रत्येकी एक मोठं वांगं धरा. वांग्याला तेलाचा हात लावून दोन-तीन ठिकाणी टोचा मारायच्या आणि थेट ज्योतीवर, साल सगळीकडून काळी पडून सुरकुतेपर्यंत भाजायचं. देठाजवळचा भाग कच्चा राहतो, तो ज्योतीवर उभा धरून भाजावा लागतो. मग पाच मिनिटं झाकून ठेवा, साल आपोआप सुटते. कुस्करून त्यात बारीक कांदा, घट्ट दही, दाण्याचं कूट, मीठ, वरून मोहरी-हिंग-हिरव्या मिरचीची चरचरीत फोडणी. मी त्यात पनीर कुस्करून घालते. मऊ, धुरकट, थोडं गार थोडं गरम. वाटीभर खाल्लं तरी जड होत नाही.

दुसरा, ताकातला पालक. आंबट ताकात एकच मोठा चमचा बेसन घुसळून घ्यायचं, शिजवून घोटलेला पालक आणि भिजवलेले मूठभर दाणे घालायचे. उकळी येईपर्यंत एकाच दिशेने ढवळत राहायचं, हात थांबला की ताक फाटतं. वरून लसूण आणि सुक्या मिरचीची फोडणी, लसूण नेहमीच्या दुप्पट. तव्यावर लालसर केलेले पनीरचे तुकडे वाटीत टाकून वरून ही भाजी ओतते. माझ्या सासऱ्यांनी हे खाताना भात मागितला नाही, याचं मलाच आश्चर्य वाटलं.

वसईच्या भाजीवाल्या सकाळी येतात त्यांच्याकडचा पालक कोवळा असतो, पार्ल्यात राहणाऱ्यांनी तोच घ्या.

गिरगावचा_जिना

कुणी भानोल्याचं नाव कसं काढलं नाही! आम्ही पाठारे प्रभू, आमच्याकडे कोबी-कोलंबीचं भानोलं ही घरची ओळख आहे. जवळजवळ सगळा कोबीच असतो, त्यामुळे तुमच्या धाग्यात चपखल बसतं.

कोबी अगदी बारीक चिरायचा, किसायचा नाही, किसला की पाणी फार सुटतं. मीठ चोळून दहा मिनिटं ठेवून घट्ट पिळायचा. त्यात सोललेली, दोरा काढलेली कोलंबी, ओलं खोबरं, हिरवी मिरची, कोथिंबीर, हळद, असेल तर आमचा संबार मसाला, नसेल तर धने-जिरं. बांधायला घरात बेसन बऱ्यापैकी पडतं, मी ते तीन चमच्यांवर आणलं आणि दोन अंडी फेटून घातली. पूर्वी पातेल्याखाली शेगडी आणि वर झाकणात निखारे ठेवून हे व्हायचं. आता जाड बुडाच्या पसरट पॅनमध्ये तेल सोडून, मिश्रण दोन बोटं जाड थापून, झाकण ठेवून मंद आचेवर पंधरा मिनिटं. मग ताटलीच्या मदतीने उलटवून दुसरी बाजू दहा मिनिटं. ओव्हन असेल तर त्यात आणखी छान, वरचा थर खरपूस होतो. खालची कड कढईला चिकटून जी तपकिरी पापडी तयार होते तिच्यावरून आमच्याकडे अजून भांडणं होतात.

चौकोनी तुकडे करून सोबत सोलकढी. शाकाहारी मंडळींनी कोलंबीऐवजी पनीर किंवा मशरूम घालावं आणि अंड्याऐवजी बेसन दोन चमचे वाढवावं.

मधली_सुट्टी, बोरिवली

भानोलं रविवारी केलं तर सोमवारी डब्यात नेता येईल का?

गिरगावचा_जिना

येईल, दुसऱ्या दिवशी उलट जास्त मुरलेलं लागतं. पण कोलंबीचं असेल तर रात्रभर फ्रिजमध्येच ठेवा, आणि ऑफिसमध्ये गरम करायची सोय नसेल तर शाकाहारीच न्या. मुंबईच्या उकाड्यात कोलंबी डब्यात चार-पाच तास बाहेर ठेवू नये.

शेवटची_लोकल, अंधेरी

मी पीजीमध्ये राहतो. एक इंडक्शन, एक कढई, फ्रिजमध्ये एक कप्पा. वरचं सगळं वाचून भूक लागली, पण मला रात्री दहाला परत आल्यावर दहा मिनिटांत होईल तेच शक्य आहे. पोळी-भाजी केंद्रातून घेतलं तर तीन पोळ्या आणि बटाटा ठरलेला. अंड्याशिवाय काही सुचवाल का? अंडी खातो, पण रोज तीच कंटाळवाणी होतात.

हिरवा_ठेचा, दादर

शेवटची_लोकल, केंद्रातून पोळ्या घेऊच नका, नुसत्या भाज्या घ्या. बहुतेक ठिकाणी अर्धा पाव भाजी सुटी देतात. एक पालेभाजी किंवा दुधी-पडवळ, एक उसळ. घरी आल्यावर इंडक्शनवर शंभर-दीडशे ग्रॅम पनीर तेल-तिखट-मिठात परता आणि भाजीत मिसळा, वर दही. पाच मिनिटांत होतं. बटाटा, मटार, मका असलेल्या भाज्या टाळा, आणि लग्नातल्यासारखी गोडसर चव लागली तर साखर आहे असं समजा.

अंड्यांचा कंटाळा भुर्जीचा येतो, अंड्याच्या रश्श्याचा येत नाही. आईकडून किंवा दुकानातून कांदा-खोबऱ्याचं भाजलेलं वाटण आणून छोट्या डब्यांत गोठवून ठेवा. कढईत तेल, दोन चमचे वाटण, मालवणी मसाला, पाणी. खळखळ उकळलं की आच कमी करून त्यात तीन अंडी अलगद फोडून सोडायची, झाकण ठेवून चार मिनिटं. उकडायला वेळ जात नाही, सोलायची कटकट नाही, आणि पिवळ्याचा थोडा भाग रश्श्यात उतरून तो दाट होतो. सोबत अर्धा कोबी लांब चिरून त्याच रश्श्यात टाकलात तर आणखी काही लागणार नाही.

खारा_वारा, वरळी

खिमाही सांगा त्यांना. पाव किलो चिकनचा खिमा, आलं-लसूण, कांदा, टोमॅटो, मसाला, पंधरा मिनिटं. पावाऐवजी कोबीची आतली पानं वाटीसारखी घेऊन त्यात भरून खायची. कुरकुरीत लागतात.

उंबरठा, परळ

माझा प्रश्न स्वयंपाकाचा कमी आणि घराचा जास्त आहे. आम्ही सात माणसं. सासूबाईंना मधुमेह आहे, पण त्यांच्यासाठी वेगळं काही केलं की त्यांना वाटतं आपल्याला पंगतीतून उठवलं. मुलांना भात लागतोच. दोन स्वयंपाक करायला मला वेळ नाही. आणि वेगळं ताट वाढलं की त्या न जेवता उठतात.

हिरवा_ठेचा, दादर

उंबरठा, हा प्रश्न विचारलात ते फार बरं केलंत. माझ्या मते पातेलं सगळ्यांना एकच असावं. अळूचं फतफतं केलं तर सगळ्यांना तेच. मुलांच्या पानात त्यासोबत भात, सासूबाईंच्या वाटीत तेच फतफतं जास्त, त्यात दाणे जास्त, वर तूप, आणि भात अगदी मुदीएवढा. मूद वाढायचीच. पानातून भात पूर्ण गेला की जेवण अपुरं वाटतं, आणि त्यांच्या पिढीला तर वरण-भाताची मूद म्हणजे जेवणाचा आरंभ. ती मूद असू द्या, पुन्हा भात वाढायला जाऊ नका एवढंच. वाढायचा क्रमही बदलून बघा: आधी कोशिंबीर आणि भाजी पानात, ती निम्मी खाऊन झाली की मग भात. घरातल्या सगळ्यांनाच तसं वाढलंत तर त्यांना वेगळं पाडल्यासारखं वाटणार नाही.

अळूत चिंच किंवा आंबटचुका हात राखून घालू नका, नाहीतर घसा खाजतो. बेसन अर्ध्यावर आणा, घोटून घोटून दाटपणा येतो.

वाटी_चमचा, मुलुंड

भाजी आधी, भात नंतर, याला माझं पूर्ण अनुमोदन. जेवणानंतर साखरेची उसळी त्याने कमी होते, हे अभ्यासांत दिसलेलं आहे. सासूबाईंच्या गोळ्या कोणत्या आहेत ते मात्र आधी बघा आणि त्यांच्या डॉक्टरांना सांगूनच भात उतरवा.

उंबरठा, परळ

दोघींचे मनापासून आभार. आणखी एक, चतुर्थीला काय करू? साबुदाणा खिचडीशिवाय त्यांचा उपास होत नाही.

चाफेकळी, विलेपार्ले

साबुदाण्यात शंभर ग्रॅमला ८७-८८ ग्रॅम कार्ब्ज, म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च. भगरीचंही फार वेगळं नाही, ते शेवटी धान्यच. आमच्याकडे आता उपासाला दाण्याची आमटी मुख्य. भाजलेले दाणे तासभर भिजवून हिरवी मिरची, जिरं आणि थोड्या ओल्या खोबऱ्याबरोबर गंधासारखे वाटायचे, तुपात जिऱ्याची फोडणी, वाटण, पाणी, आमसूल, मीठ. मंद आचेवर तूप कडेला सुटेपर्यंत. सोबत दाण्याचं कूट घातलेली खमंग काकडी आणि दही. खिचडी हवीच असेल तर दोन चमचे, चवीपुरती. बाकी आमटी भुरकायची, पोट भरतं. आणि गोळ्या चालू असताना दिवसभर निराहार राहायचं की नाही, हे डॉक्टरांना विचारल्याशिवाय ठरवू नका.

तुकडा_भाकरी, लालबाग

थंडी-पावसात कोंबडीचा पांढरा रस्सा हा मला सगळ्यात जिवाभावाचा. मूळचे आम्ही कोल्हापूरचे. त्यात पीठ नाही, बटाटा नाही, तीळ-काजू-खसखस आणि नारळाचं दूध. पण माझा मुलगा आठला येतो, सून दहाला, आणि दुसऱ्यांदा गरम करताना दर वेळी दूध फाटतं. वाया घालवायचं जिवावर येतं. काही उपाय?

हिरवा_ठेचा, दादर

अळणी रस्सा (कोंबडी शिजवलेलं पाणी) आणि नारळाचं दूध वेगवेगळं ठेवा. अळणी रश्श्यात वाटण आणि खडा मसाला घालून पूर्ण शिजवून घ्या, तो कितीही वेळा उकळला तरी चालतो. घट्ट दूध फ्रिजमध्ये. सून आली की तिच्यापुरता रस्सा छोट्या पातेल्यात उकळा, गॅस बंद करा, मिनिटभर थांबा, फ्रिजमधून आधीच बाहेर काढून ठेवलेल्या दुधात त्यातला एक डाव गरम रस्सा मिसळा आणि मग ते दूध पातेल्यात ओता. पुन्हा गॅस लावायचाच असेल तर अगदी मंद, झाकण न ठेवता, ढवळत. लिंबू हवं असेल तर वाटीत वाढल्यावर पिळा, पातेल्यात नको. वाटणात काजू आणि तीळ थोडे वाढवलेत तर दूध आणखी धरून राहतं.